विनामूल्य डिजिटल दफ्तरें आणि शाळेंतील गांवचा इतिहास

१

इतिहासाचीं साधनें ज्याच्या घरीं तोच इतिहासाचा धनी, अशी स्थिति आपल्याकडे फार काळ होती. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, तेव्हां एका गांवचा कागद दुसऱ्या गांवच्या मनुष्यास नुसता पहावयास मिळणें हीच मोठी गोष्ट होती. ती स्थिति आतां पालटली आहे. पुणें जिल्ह्याचें १८८५ चें गॅझेटियर, ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास, राजवाड्यांचे खंड, पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचीं सरदेसायांनीं १९३० पासून १९३४ पर्यंत संपादिलेलीं पुस्तकें, हीं आज जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांतील शिक्षकास हातांतल्या मोबाइलवर, एक पैही न देतां पाहतां येतात. ज्यांनीं हयात दफ्तरांच्या दारांशीं ताटकळत घालविली, त्यांस ही गोष्ट स्वप्नवत् वाटली असती.

ह्या सोयीमुळें शाळांतून स्थानिक इतिहास मूळ साधनांवरून शिकवावा, ही जुनी सूचना नव्या जोमानें पुढें आली आहे. आणि सूचना म्हणून ती योग्यच आहे. बालभारतीनें तिसरीच्या मुलांसाठीं जिल्हावार पुस्तकें काढलीं, त्यांच्या मुळाशीं हाच विचार होता. आपल्या वेशींतला वीरगळ, आपल्या तळ्याचा बांध, आपल्या गढीची पडकी भिंत ज्या मुलास कळली, त्यास राज्याचा इतिहास पोपटासारखा घोकावा लागत नाहीं. परंतु साधन सुलभ झालें म्हणजे तें निर्दोष झालें असें नव्हे. आणि सध्यां ह्या विषयावर जें बोललें व लिहिलें जातें, त्यांत सुलभतेचें कौतुक पुष्कळ व साधनांची परीक्षा फार थोडी आढळते. ती परीक्षा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें: विनामूल्य दफ्तरांत जें मिळतें तें बहुशः जुनें, बहुशः छापील व बहुशः इंग्रजी असतें, आणि त्यावर पुढें झालेलें संशोधन त्याच्या शेजारीं मांडलेलें नसतें. म्हणून तीं पुस्तकें मुलांपुढें धडा म्हणून ठेविलीं, तर शंभर वर्षांपूर्वीं टाकून दिलेला इतिहास शाळेंत पुन्हां रुजेल. तींच पुरावा म्हणून, उलटतपासणीसाठीं ठेविलीं, तर मात्र त्यांच्यासारखें दुसरें साधन नाहीं. आणि ही उलटतपासणी ज्या कागदांच्या बळावर व्हावयाची, ते कागद अद्याप आपल्याच कपाटांत आहेत.

२

प्रथम जें उपलब्ध आहे त्याचा गुण पाहूं. मुंबई इलाख्याचें गॅझेटियर जेम्स कॅम्बेल ह्याच्या संपादकत्वाखालीं १८७७ पासून १९०४ पर्यंत २७ खंडांत निघालें. रत्नागिरी व सावंतवाडी १८८०, ठाणें १८८२, नाशिक १८८३, अहमदनगर व सोलापूर १८८४, पुणें व सातारा १८८५, कोल्हापूर १८८६, असा त्यांचा क्रम आहे. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागानें हे खंड आपल्या संकेतस्थळावर ठेविले आहेत. १९९६ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या इंटरनेट अर्काइव्ह ह्या संस्थेच्या संग्रहांत त्यांच्या छायाप्रतीही मिळतात.

ह्या खंडांचा ‘स्थळें’ हा भाग शाळेच्या दृष्टीनें सर्वांत उपयोगाचा. गांवाचा आठवड्याचा बाजार कोणत्या वारीं भरे, जत्रा केव्हां होई, देऊळ कोणी बांधलें असें लोक सांगत, घाट कोणत्या मालासाठीं वाहता होता, हें सर्व त्यांत ओळीनें दिलेलें आहे. शिक्षकानें आपल्या तालुक्याचीं चार पानें काढून, तेव्हांचा बाजार व आतांचा बाजार, तेव्हांचीं पिकें व आतांचीं पिकें एवढेंच मुलांकडून ताडून घेतलें, तरी एका सत्राचें काम सहज होतें. १८७६-७७ च्या दुष्काळाचीं पानें वाचून मुलांनीं घरच्या वृद्धांकडून १९७२ च्या दुष्काळाची हकीकत विचारून आणली, तर छापील पान व तोंडी आठवण ह्यांतलें अंतर त्यांस आपोआप कळतें. नाशिकच्या लेण्यांचें वर्णन पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांच्या विद्वत्तेनें समृद्ध झालेलें आहे. तें वाचून लेणें पाहिलेला मुलगा दगडावरचीं अक्षरें नुसतीं पहात नाहीं, शोधतो.

एवढा गुण मोकळ्या मनानें कबूल करून आतां दोषांकडे वळूं.

३

पहिला दोष काळाचा. शिवनेरीच्या पायथ्याशीं असलेल्या शाळेंतील मुलानें हें विनामूल्य गॅझेटियर उघडलें, तर त्यास शिवछत्रपतींचें जन्मवर्ष १६२७ असें सांपडेल. ग्रँट डफमध्येंही त्यास तेंच वर्ष मिळेल. म्हणजे दोन ‘स्वतंत्र’ पुरावे जुळले असें त्यास वाटेल. वस्तुतः ते स्वतंत्र नाहींत. डफनें रूढ केलेलेंच वर्ष गॅझेटियर पुढें चालवितें. त्या मुलाच्या वर्गांतील पाठ्यपुस्तकांत मात्र १६३० हें वर्ष आहे. आतां त्यानें कोणाचें खरें मानावें? पुस्तक पातळ आणि मराठी. गॅझेटियर जाडजूड, इंग्रजी, सरकारी आणि शिवाय ‘मूळ साधन’. मुलाचा कल कोणीकडे जाईल हें सांगावयास नको.

ह्या प्रश्नाचा निकाल कसा लागला हें आपल्या वाचकांस सांगण्याचें कारण नाहीं. कारीच्या जेध्यांच्या घरची शकावली टिळकांनीं १९१६ सालीं मंडळाच्या द्वारें प्रसिद्ध केली. तींत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही तिथि आली. १९२७ सालीं दिवेकरांनीं प्रसिद्ध केलेल्या परमानंदाच्या शिवभारतानें तिला दुजोरा दिला. जोधपुराकडे मिळालेली जन्मकुंडलीही तिच्याशींच जुळली. वाद पुढें पुष्कळ वर्षें चालला, आणि अखेर महाराष्ट्र शासनानें २००१ सालीं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. म्हणजे एका देशमुखाच्या घरांतील चार पानांनीं दोन मोठे इंग्रजी ग्रंथ बाजूस सारले. स्थानिक कागदाचें सामर्थ्य मुलांस दाखविण्यास ह्याहून उत्तम उदाहरण नाहीं. परंतु विनामूल्य दफ्तरांत १८८५ चें पान १८८५ चेंच राहतें. त्याच्या समासांत ‘हें पुढें चुकीचें ठरलें’ अशी टीप कोणी घालीत नाहीं.

हा दोष आकस्मिक नसून त्याच्या मुळाशीं कायदा आहे. १९५७ च्या कायद्यान्वयें, व १९९२ च्या दुरुस्तीनंतर, भारतांत ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षें ग्रंथाचा हक्क राखलेला असतो. राजवाडे १९२६ त वारले, त्यांचें लेखन केव्हांच मोकळें झालें. सरदेसाई १९५९ त वारले, त्यांचें लेखन २०२० त मोकळें झालें. शेजवलकर १९६३ त वारले, त्यांचें २०२४ त. उलट ग. ह. खरे १९८५ त वारले, म्हणून त्यांचें लेखन २०४६ पर्यंत बांधलेलें आहे. ग्रंथकाराचा हक्क रास्तच आहे, त्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु त्याचा परिणाम ओळखला पाहिजे: विनामूल्य दफ्तर म्हणजे मतांचें दफ्तर तेवढें, त्या मतांचें खंडन पुष्कळदां त्याच्या बाहेर.

४

हीच गोष्ट एका गांवाच्या उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. पुणें-नगर रस्त्यावर लोणीकंद म्हणून गांव आहे. पेशवाई बुडाल्यावर दोनच वर्षांनीं, १८२० त, थॉमस कोट्स नांवाच्या इंग्रज वैद्यानें ह्या गांवचें सविस्तर वर्णन मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढें ठेविलें, व तें १८२३ सालीं तिच्या निबंधांच्या तिसऱ्या खंडांत छापलें गेलें. जमीन, पिकें, औतें, घरें, अन्न, वस्त्र, बलुतेदार, कर्ज, गांवचा कारभार, सर्व कांहीं त्यांत आहे. एका खेड्याचें इतकें बारीक व इतकें जुनें वर्णन दुर्मिळच. तो खंड आज विनामूल्य मिळतो.

त्याच गांवाची डॉ. गो. स. घुर्ये ह्यांनीं सव्वाशें वर्षांनंतर पुन्हां पाहणी केली, व कोट्सच्या नोंदींशीं ती ताडून १९६० सालीं ग्रंथ काढला. काय टिकलें, काय गेलें, कोट्सला काय दिसलें नाहीं, ह्या प्रश्नांस तोंड देणारा हा ग्रंथ आहे. घुर्ये १९८३ त वारले; म्हणून तो ग्रंथ कायद्यानें २०४४ पर्यंत मोकळा होणार नाहीं. परिणाम काय? लोणीकंदच्या शाळेंतील मुलास आपला गांव १८२० त परक्या पाहुण्याच्या डोळ्यांनीं कसा दिसला हें घरबसल्या वाचतां येतें. आपल्या देशाच्या समाजशास्त्रज्ञानें तो कसा तपासला हें मात्र ग्रंथालय गांठल्याखेरीज कळत नाहीं. केवळ विनामूल्य साधनांवर भिस्त ठेवणारा शिक्षक लोणीकंदचा इतिहास कोट्सपाशींच संपवील. ह्यावर उपाय अवघड नाहीं. शाळेनें तेवढा एक ग्रंथ जिल्हा-ग्रंथालयांतून मागवावा. परंतु उपायाची गरज आहे हेंच मुळीं ध्यानांत येत नाहीं, कारण पडद्यावर जें दिसत नाहीं तें नाहींच असा समज दृढ होत चालला आहे.

५

दुसरा दोष भाषेचा व लिपीचा. ह्या दफ्तरांतून शोध घ्यावयाचा तो शब्द टाइप करून. यंत्र छापील इंग्रजी पान बऱ्यापैकीं वाचतें; जुन्या खिळ्यांनीं छापलेलें बाळबोध पान वाचतांना अडखळतें; आणि मोडी हस्तलिखितापुढें तर बहुधा हात टेकतें. म्हणून आपल्या गांवाचें नांव घालून शोध करणाऱ्या मुलास जें उत्तर येतें, तें जवळजवळ सर्व इंग्रजी पुस्तकांतून येतें. तेंही गांवाचें इंग्रजी रूप ठाऊक असेल तर. खडकीचें ‘किरकी’, शीवचें ‘सायन’, पुण्याचें ‘पूना’ हीं रूपें प्रसिद्ध आहेत. पण डफच्या किंवा कंपनीच्या पत्रांतील लहान गांवांचीं रूपें ओळखण्यास अभ्यासच लागतो. असा शब्दकोश तालुकावार तयार करून शाळांस देणें, हें एकट्या संशोधकास दोन महिन्यांत उरकणारें काम आहे, आणि तें अजून कोणी हातीं घेतल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

याहून खोल अडचण अशी कीं, गांवचा खरा इतिहास ज्या कागदांत आहे ते छापीलही नाहींत व इंग्रजीही नाहींत. महजर, करीना, थळपत्र, निवाडपत्र, गांवझाडा, ताळेबंद हे मोडींत लिहिलेले, आणि ते पुणें दफ्तराच्या रुमालांत, देवस्थानांच्या पेट्यांत व तुम्हां-आम्हां संग्राहकांच्या घरीं बांधलेले आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचें ‘अभिलेख पटल’ हें संकेतस्थळ स्तुत्य आहे. परंतु तेथील मुख्य भांडार हिंदुस्थान सरकारच्या खात्यांचें. त्यांत संस्थानें, लढाया व करार सांपडतील. पाणवठ्याचा तंटा सांपडणें कठीण.

मोडी लिपीस युनिकोडमध्यें २०१४ सालीं स्थान मिळालें, हें खरें. पण लिपीला संगणकांत जागा मिळाली म्हणून मुलास कागद वाचतां येतो असें नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपि शाळेंत शिकवीत, ती आज शिक्षकासही अपरिचित आहे. तेव्हां मोडी कागदाचें नुसतें छायाचित्र म्हणजे शाळेच्या दृष्टीनें कुलूपबंद पेटीचें चित्र होय. त्याच्या जोडीस बाळबोध लिप्यंतर व चार ओळींचा अर्थ पाहिजेच पाहिजे.

६

तिसरा दोष सर्वांत नाजूक, आणि त्याविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. गॅझेटियरांतील लोकसंख्येच्या प्रकरणांत जातिजातींचीं वर्णनें आहेत. रंग, बांधा, स्वच्छता, स्वभाव, दारू, प्रामाणिकपणा ह्यांवर एकेका वाक्यानें शेरे मारलेले आहेत, आणि कित्येक समाजांस चोरीची संवय असल्याचें निःशंकपणें नोंदलेलें आहे. ज्या काळीं हें लिहिलें गेलें त्याच काळांत, १८७१ सालीं, ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा झालेला होता, तो स्वतंत्र भारतानें १९५२ त रद्द केला. कायदा गेला, परंतु शेरे आतां प्रत्येक मोबाइलवर आले.

शिक्षकानें ‘आपल्या तालुक्याविषयीं गॅझेटियरांत काय आहे तें शोधून आणा’ एवढीच आज्ञा वर्गास केली, तर कांहीं मुलें देवळाचें वर्णन घेऊन येतील व एखादें मूल आपल्या आजाच्या जातीवरचा तो शेरा घेऊन येईल. किंवा त्याच्यासाठीं दुसरेंच मूल तो घेऊन येईल. सरकारी ग्रंथांतील, इंग्रजींतील, शाळेनें वाचावयास सांगितलेलें तें वाक्य! त्या मुलानें इतिहासापासून काय शिकावें?

हीं पानें दडवावीं असें आमचें मत नाहीं. पुरावा दडविणें हें संशोधकाचें काम नव्हे. परंतु लहान वर्गांत शिक्षकानें स्वतः निवडलेलींच पानें द्यावीं, आणि वरच्या वर्गांत हीं पानें द्यावयाचीं तर हे प्रश्न विचारूनच द्यावीं: हें कोणी लिहिलें? कोणाच्या सांगण्यावरून लिहिलें? ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांस कोणी विचारलें काय? उमाजी नाइकांचें उदाहरण घ्या. त्यांस ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास फांशी दिलें, आणि रामोशांच्या बंदोबस्ताच्या कामावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनें १८३३ सालीं त्या समाजाचा वृत्तांत छापला. तो वृत्तांत अत्यंत महत्त्वाचा आहे, आणि तो प्रतिपक्षाचाही आहे. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात, हें मुलास समजलें तर इतिहास शिकविण्याचा अर्धा हेतु तेथेंच सफळ झाला.

७

मग शिकवावें कसें? आमच्या मतें सर्व पद्धति चार प्रश्नांत येते. कागद कोणी लिहिला? केव्हां लिहिला? कोणासाठीं लिहिला? आणि त्याच गोष्टीविषयीं दुसरा कागद काय म्हणतो? विनामूल्य दफ्तरांचा खरा उपयोग ह्या चौथ्या प्रश्नासाठीं आहे. पूर्वीं दुसरा कागद शाळेस मिळतच नसे, आतां मिळतो. जन्मतिथीच्या वादांतील गॅझेटियरचें पान व जेधे शकावलीचें पान शेजारीं शेजारीं मांडून, नववीच्या वर्गाकडून दोन तासांत निर्णय करवून घेणें आज शक्य आहे. निर्णयापेक्षां निर्णयाचीं कारणें मुलांनीं लिहावीं.

‘केव्हां’ हा दुसरा प्रश्न तर आमच्या कागदांत फारच रसाळ आहे. राज्याभिषेकाची तारीख इंग्रज वकील ऑक्झिंडेनच्या वृत्तांतांत ६ जून १६७४ आहे. आजच्या ग्रेगरी पंचांगानें तोच दिवस १६ जून पडतो. आमच्या तिथीनें ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६. तीन तारखा, एकच दिवस. इंग्रजांनीं १७५२ पर्यंत जुनें पंचांग चालविलें, आणि त्यांचें वर्ष २५ मार्चला बदले. म्हणून त्यांच्या फेब्रुवारीच्या पत्रावर १६७३ असेल तर आपण १६७४ समजावयाचें, हें एकदां सांगितलें कीं मुलें स्वतः चुका धरूं लागतात.

तसेंच शुहूर सनाचें. मराठी कागदावर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असें असतें. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११७१. हा सन मृगाच्या सुमारास पालटतो. म्हणून आरंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व पुढील जानेवारीपासून ६०० मिळवावे, म्हणजे १७७०-७१ येतें. हें गणित पांचवीच्या मुलास करतां येतें, आणि तें करीत असतां त्याच्या ध्यानांत येतें कीं, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीं अरबी अंक, हिंदु तिथि व मराठी मजकूर एकाच कागदावर नांदविले होते. महजराखालच्या निशाण्याही अशाच बोलक्या. पाटलाचा नांगर, आणि बलुतेदारांपैकीं ज्याची त्याची आपल्या धंद्याच्या हत्याराची खूण. अक्षरशत्रु मुलासही ती सही वाचतां येते. असे कागद एका तालुक्यांतील पांच जरी शाळेस मिळाले, तरी गॅझेटियरची मातब्बरी आपोआप योग्य मापावर येईल.

८

येथें प्रश्न आपल्याकडे, म्हणजे संग्राहकांकडे येतो. शिक्षकास दोष देणें सोपें आहे. परंतु त्यास दुसरा कागद देण्याचें सामर्थ्य ज्यांच्या हातीं आहे ते आपण तो देत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. जे थोडे कागद अलीकडे संकेतस्थळांवर येतात, तेही बहुधा अशा स्थितींत येतात कीं त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होऊं नये: अर्धा कागद, पाठ नाहीं, शिक्का कापलेला, कोणाच्या घरचा तें लिहिलेलें नाहीं, आणि खालीं अभिमानाचे दोन शब्द. मूळ ठिकाण नसलेला कागद म्हणजे नांवगांव नसलेला साक्षीदार.

म्हणून जो संग्राहक आपले कागद शाळांसाठीं मोकळे करील त्यानें निदान एवढें पाळावें. (१) कागदाच्या दोन्ही बाजूंचें, कोऱ्या पाठीचें सुद्धां, पूर्ण छायाचित्र घ्यावें. शेजारीं मोजपट्टी ठेवावी. शिक्का व मोर्तब ह्यांचें निराळें चित्र द्यावें. (२) कागद कोणत्या गांवच्या, कोणत्या घराण्याच्या दफ्तरांतील, कोणत्या रुमालांतला, आणि आपणांकडे कसा आला, हें लिहावें. रुमालाचा मूळ क्रम मोडूं नये. (३) ओळीस ओळ बाळबोध लिप्यंतर द्यावें. न लागलेलें अक्षर न लागलेलें म्हणूनच दाखवावें, अंदाजानें भरूं नये. (४) तारीख मूळ शब्दांत व इसवी सनांत, दोन्ही द्यावी. (५) कठीण शब्दांचा अर्थ आठवीच्या मुलास कळेल अशा मराठींत द्यावा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें आपल्या जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहांत २००८ पासून वाचकांसच यंत्राच्या चुका दुरुस्त करण्याची मुभा दिली, व हजारों लोकांनीं तें काम आनंदानें केलें. मोडी वाचणारे आपल्याकडे थोडे असले तरी निवृत्त शिक्षक, वकील व अभ्यासवर्गांतून तयार झालेले तरुण मिळून एका जिल्ह्यास पुरतील इतके खास आहेत.

आणखी एक सावधगिरी. डिजिटल म्हणजे चिरंतन, हा भ्रम टाकून द्यावा. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ ह्या योजनेनें लाखों ग्रंथांच्या छायाप्रती काढल्या. पुढें तिचें मूळ संकेतस्थळ बंद पडलें, आणि ते ग्रंथ आज वाचावयास मिळतात ते दुसऱ्यांनीं त्यांच्या प्रती करून ठेविल्या म्हणून. खुद्द इंटरनेट अर्काइव्हवर ऑक्टोबर २०२४ त हल्ला झाला व तें कित्येक दिवस बंद होतें. त्या आठवड्यांत ज्या शिक्षकानें धडा ठरविला असेल त्यास फळा व खडू एवढेंच उरलें. म्हणून शाळेनें हवीं तीं पानें उतरवून आपल्याजवळ ठेवावीं, शक्य तर छापून बांधावीं. आणि संग्राहकानें मूळ कागद जपून, प्रत निदान दोन ठिकाणीं ठेवावी. हस्तलिखितांच्या पूर्वजांस हें शहाणपण ठाऊक होतें. पोथीची नक्कल करून ते दुसऱ्या गांवीं धाडीत.

९

आक्षेप येतील ते येथेंच विचारांत घेऊं. कोणी म्हणेल, कागद बाहेर गेला कीं जमिनीचे तंटे उठतील. परंतु परगण्याचीं व कुळकर्णाचीं वतनें १९५० च्या कायद्यानें व पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें संपली. जुन्या वतनपत्राचें मोल आतां बहुतांशीं इतिहासाचें आहे. ज्या एखाद्या जमिनीबद्दल खरोखरच वाद चालू असेल, तेवढा कागद मागें ठेवावा. दुसरा म्हणेल, माझ्या शोधाचें श्रेय दुसरा घेईल. उलट, नांव व तारीख घालून उघड मांडलेला कागद हाच श्रेयाचा पक्का दाखला. कपाटांतल्या कागदास श्रेयही नाहीं व साक्षही नाहीं. तिसरा, मनांतल्या मनांत, म्हणेल कीं कागदाची किंमत उतरेल. अस्सल कागदाची किंमत छायाचित्रानें उतरत नाहीं; मात्र ज्याचें चित्र व मूळ ठिकाण जगजाहीर आहे असा कागद चोरून विकणें चोरास अवघड जातें, हा फायदा संग्राहकानें विसरूं नये.

ग्रँट डफच्या ग्रंथाची पहिली समर्थ परीक्षा नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनीं १८६७-६८ च्या सुमारास केली, तेव्हां ते तरुण होते. त्यांच्याजवळ ना संस्था होती ना दफ्तर. होती ती छापील ग्रंथास प्रश्न विचारण्याची बुद्धि. आजच्या मुलाच्या हातांत तो डफ, तें गॅझेटियर आणि तो कोट्स विनामूल्य येऊन पडले आहेत. ते त्यानें आप्तवाक्य म्हणून घोकावे कीं साक्षीदार म्हणून उभे करावे, हें त्यास शेजारीं दुसरा कागद मिळतो कीं नाहीं ह्यावर अवलंबून आहे. तो कागद देणें आपल्या हातीं आहे. ज्यांच्या घरीं एका गांवचे म्हणून ओळखतां येतील असे पांच कागद असतील, त्यांनीं ते वरील रीतीनें सिद्ध करून त्याच गांवच्या शाळेस प्रथम द्यावे, आणि मग आम्हां इतरांस.